रक्षक हात : कॅथलिक लोकभक्ती व लोकजादू यांतील हस्तप्रतीकांची चिकित्सा

प्रस्तावना

कॅथलिक देशांतील लोकधर्माचा अभ्यास करताना हाताच्या आकृतीशी वारंवार गाठ पडते. स्पेनमध्ये तान्ह्या मुलाच्या कमरेला बांधलेली काळ्या दगडाची मूठ, नेपल्समधील गळ्यातली पोवळ्याची शिंगमुद्रा, ब्राझीलमधील लाकडी 'फिगा', मेक्सिकोतील पत्र्यावर रंगवलेला जखमी तळहात आणि चर्चमध्ये चांदीच्या पेटीत जपलेला संताचा हात, अशी तिची अनेक रूपे आढळतात. या सर्वांकडून एकच अपेक्षा असते : संरक्षण. मात्र यांपैकी काहींना 'भक्ती' म्हटले जाते, तर काहींना 'जादू' किंवा 'अंधश्रद्धा'. ही विभागणी प्रतीकाच्या स्वरूपातूनच निघते, की ती प्रतीकावर बाहेरून लादली जाते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात काही निवडक हस्तप्रतीकांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला असून, आजवरच्या अभ्यासकांनी दिलेली उत्तरे कितपत पुरेशी आहेत हेही तपासले आहे.

हस्तप्रतीकांचे तीन प्रकार

विवेचनाच्या सोयीसाठी या हातांचे तीन प्रकार करता येतात. पहिला, देणारा हात. हा ईश्वराचा हात होय. ईश्वराचे रूप चितारू नये या जुन्या संकोचामुळे त्याचे अस्तित्व केवळ ढगातून बाहेर आलेल्या हाताने सुचवण्याची रीत रूढ झाली. सीरियातील दुरा-युरोपोस येथील इ.स. २४५ च्या सुमाराच्या यहुदी प्रार्थनामंदिराच्या भित्तिचित्रांत हा हात दिसतो. पुढे ख्रिस्ती कलेने तो स्वीकारला. राव्हेन्ना येथील सान व्हिताले चर्चमधील सहाव्या शतकातील मोझेइकमध्ये तो आहे आणि कॅटलोनियातील ताउल्ल येथील सान क्लिमेंत चर्चच्या बाराव्या शतकातील भित्तिचित्रांतही आहे. या हाताला धर्मसत्तेची पूर्ण मान्यता होती.

दुसरा, रोखणारा हात. हा माणसाचा हात असतो. तो काही देत नाही, समोरून येणारी वाईट नजर परतवतो. तर्जनी व मध्यमा यांच्यामधून अंगठा बाहेर काढून वळलेली मूठ इटालियन भाषेत 'मानो फीका', स्पॅनिशमध्ये 'हिगा' व पोर्तुगीजमध्ये 'फिगा' म्हणून ओळखली जाते. तर्जनी व करंगळी ताठ ठेवून बाकीची बोटे मिटली की 'मानो कोर्नुता', म्हणजे शिंगांचा हात होतो. या मुद्रा मुळात अश्लील व अपमानकारक आहेत. दान्तेच्या 'इन्फेर्नो'च्या पंचविसाव्या सर्गात व्हान्नी फुच्ची हा चोर दोन्ही हातांनी हीच मूठ थेट ईश्वराला दाखवतो आणि त्याची शिक्षा भोगतो. नरकात देवनिंदा ठरणारी ही मुद्रा पाळण्यातल्या बाळाच्या अंगावर मात्र क्रुसाच्या शेजारी लटकते. ही विसंगती या विषयाच्या मुळाशी आहे.

तिसरा, उरलेला हात. हा संताच्या देहाचा अवशेष असतो. बुडापेस्टमध्ये राजा संत स्टीफन याचा उजवा हात दरवर्षी २० ऑगस्टला मिरवणुकीने नेला जातो. आव्हिलाच्या संत तेरेसा यांचा हात स्पॅनिश यादवी युद्धाच्या काळात जनरल फ्रँकोच्या ताब्यात आला आणि १९७५ मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत तो त्याच्याजवळ राहिला. येथे हात हे केवळ चिन्ह नसते. ज्या हाताने संताने कार्य केले तोच प्रत्यक्ष हात पुढ्यात असतो, आणि म्हणूनच त्याच्या सामर्थ्याची कल्पना इतर दोन प्रकारांहून वेगळी ठरते.

'मानो पोदेरोसा' : एका प्रतिमेचे वाचन

पहिल्या दोन प्रकारांची सरमिसळ मेक्सिकोतील 'ला मानो पोदेरोसा', अर्थात 'सामर्थ्यशाली हात' या प्रतिमेत स्पष्टपणे दिसते. ढगातून वर आलेला उजवा हात, प्रेक्षकाकडे वळलेला तळवा, त्यावर खिळ्याची रक्ताळलेली जखम आणि पाच बोटांच्या टोकांवर पाच लहान मूर्ती, असे तिचे सर्वसाधारण रूप आहे. या मूर्ती बाल येशू, मरिया, योसेफ आणि मरियेचे आईवडील अॅना व जोआकिम यांच्या असतात. कोणत्या बोटावर कोण, हे चित्रागणिक बदलते. काही चित्रांत जखमेतून ठिबकणारे रक्त चषकात पडते व सात कोकरे ते पिताना दिसतात. एकोणिसाव्या शतकात स्वस्त कथिलाच्या पत्र्यावर रंगवलेल्या घरगुती 'रेताब्लो' चित्रांतून ही प्रतिमा सामान्य कुटुंबांच्या देव्हाऱ्यात पोचली.

या प्रतिमेत एक लक्षणीय गोष्ट घडलेली आहे. जखमी तळवा ख्रिस्ताचा आहे, म्हणजे तो वधस्तंभावरील प्रौढ पुरुषाचा हात आहे. परंतु त्याच्या बोटावर उभा असलेला ख्रिस्त बालक आहे. एकाच देहाच्या दोन अवस्था येथे एका चौकटीत आल्या आहेत. ईश्वरशास्त्राच्या दृष्टीने ही गोंधळाची मांडणी वाटेल. कौटुंबिक भावनेच्या दृष्टीने मात्र ती अत्यंत सुसंगत आहे. बाळ, आई, बाप, आजी व आजोबा अशी तीन पिढ्यांची मंडळी एका हातावर एकत्र नांदत आहेत आणि त्या हाताने त्यांच्यासाठी यातना सोसल्या आहेत. या पाच जणांची एकत्रित भक्ती नव्या स्पेनमध्ये 'पाच स्वामी' या नावाने आधीपासून रूढ होती. अॅना व जोआकिम यांचा बायबलमध्ये उल्लेख नाही. ते दुसऱ्या शतकातील याकोबाच्या नावावरील अप्रमाण ग्रंथातून परंपरेत आले. तरीही चर्चने त्यांना संत मानले. म्हणजे या चित्रातील एकही घटक धर्मबाह्य नाही.

असे असूनही विसाव्या शतकात हीच प्रतिमा काचेच्या ग्लासातील मेणबत्त्यांवर छापली जाऊ लागली. अमेरिकेतील 'बोतानिका' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जडीबुटी व पूजासाहित्याच्या दुकानांत ती नशिबाची तेले, धूप व ताईत यांच्या जोडीने विकली जाते. चित्र तेच, प्रार्थनाही बव्हंशी तीच. बदलली ती मांडणीची जागा आणि सोबतच्या वस्तू. त्यामुळे देव्हाऱ्यातला हात भक्तीचा आणि दुकानातला हात जादूचा असे म्हणायचे असेल, तर हा फरक चित्रात दाखवून देता येत नाही, हे आधी मान्य करावे लागते.

अवशेषवादी मांडणीची मर्यादा

एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी हा प्रश्न 'अवशेषा'च्या कल्पनेने सोडवला. नेपल्सच्या कॅथीड्रलमधील धर्माधिकारी व पुरातत्त्वज्ञ आंद्रेआ दे योरिओ यांनी १८३२ मध्ये नेपल्सच्या लोकांच्या हातवाऱ्यांवर ग्रंथ लिहिला आणि त्या हातवाऱ्यांच्या साहाय्याने प्राचीन चित्रांतील मुद्रांचा अर्थ लावला. इंग्रज अभ्यासक फ्रेडरिक टॉमस एल्वर्दी यांनी १८९५ मधील 'द ईव्हिल आय' या ग्रंथात रोमन काळातील सबाझियस देवतेच्या कांस्य हातांची सविस्तर चर्चा केली. अंगठा, तर्जनी व मध्यमा ताठ ठेवलेल्या या हातांवर साप, देवदाराचे फळ इत्यादी चिन्हे दाटीने कोरलेली असतात. या मांडणीचा सूर असा, की ख्रिस्ती लोकांचा हात हा जुन्या मूर्तिपूजकांचाच हात असून त्यावर नवा मुलामा तेवढा चढला आहे.

या मांडणीत तथ्याचा अंश नाही असे म्हणता येणार नाही. वळलेल्या मुठीचे रोमन ताईत उपलब्ध आहेत. ओव्हिडने 'फास्ती'मध्ये पितरांना शांत करण्याच्या विधीत कुटुंबप्रमुख बोटांमध्ये अंगठा घालून खूण करतो असे वर्णन केले आहे. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात या मुद्रेचे सातत्य मानण्यास त्यामुळे आधार मिळतो. परंतु हाच न्याय 'मानो पोदेरोसा'ला लावता येत नाही. सबाझियसचा हात व मेक्सिकोतील पत्र्यावरचा हात यांत हजार वर्षांहून अधिक अंतर व एक महासागर आहे. बोटांवरच्या आकृत्यांचे दिसणारे साम्य हा इतिहास नव्हे. ढगातील ईश्वराचा हात, ख्रिस्ताच्या पाच जखमांची भक्ती व पाच स्वामींची भक्ती एवढ्या सामग्रीतून ही प्रतिमा पुरेशी उलगडते. तिच्यासाठी सबाझियसला आणण्याची गरज उरत नाही.

अवशेषवादाचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. त्यात भाविकाला स्वतःच्या कृतीचा अर्थ कळत नाही असे गृहीत धरलेले असते. मुलाच्या मनगटावर मूठ बांधणारी आई अजाणतेपणी रोमन विधी करते आणि तिचा खरा अर्थ फक्त अभ्यासकाला ठाऊक असतो, अशी ही भूमिका आहे. प्रतीकाचे मूळ शोधणे आणि प्रतीकाचा आजचा अर्थ जाणणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम झाले म्हणजे दुसरे आपोआप होत नाही.

सीमारेषा कोण आखते?

जेम्स फ्रेझर यांनी 'द गोल्डन बाव' या १८९० पासून प्रसिद्ध होत गेलेल्या ग्रंथात धर्म विनवणी करतो व जादू सक्ती करते असा भेद सांगितला. ईश्वराचा देणारा हात हा विनवणीचा आणि माणसाचा रोखणारा हात हा सक्तीचा, अशी वाटणी या सूत्रावरून करता येईल. पण एका साध्या उदाहरणाने ती ढासळते. कपाळ, छाती व दोन्ही खांदे यांना हात लावून केली जाणारी क्रुसाची खूण ही माणसाने स्वतःच्या हाताने करावयाची रक्षक मुद्राच आहे. भय वाटले, संकट आले, प्रवासाला निघाले की ती केली जाते. भूतबाधा निवारणाच्या अधिकृत विधीतही तिला स्थान आहे. म्हणजे रोखणारा हात चर्चला मुळातच नको होता असे नाही. कोणता हात रोखणार, हे ठरवण्याचा अधिकार चर्चला हवा होता.

स्पेनच्या इतिहासात हा अधिकार कसा वापरला गेला हे उघडपणे दिसते. ग्रॅनाडातील अल्हाम्ब्राच्या १३४८ मध्ये बांधून झालेल्या 'न्यायद्वारा'च्या बाहेरील कमानीवर उघड्या पंजाची आकृती कोरलेली आहे. १४९२ मध्ये शहर जिंकल्यावर ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी तो पंजा खोडला नाही. द्वारावर मरिया व बाल येशूची मूर्ती मात्र बसवली. दगडातला हात असा टिकून राहिला. माणसांच्या अंगावरच्या हाताच्या वाट्याला वेगळे दैव आले. १५२६ मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स ग्रॅनाडात असताना भरलेल्या धर्मसभेने, बाप्तिस्मा दिलेल्या मुसलमानांना, म्हणजे मोरिस्को लोकांना, पंजाच्या आकृतीचे ताईत वापरण्यास मनाई केली. हा पंजा त्यांच्या जुन्या धर्मनिष्ठेची खूण मानला गेला.

त्याच स्पेनच्या राजवाड्यात काय चालले होते हे चित्रांतून कळते. हुआन पांतोहा दे ला क्रूस याने १६०२ मध्ये रंगवलेल्या राजकन्या आनाच्या चित्रात त्या तान्ह्या मुलीच्या अंगावर पवित्र अवशेषांचा क्रूस आहे आणि त्याच्याच जोडीला नजरेपासून राखणारे ताईतही आहेत. व्हेलास्केसने १६५९ मध्ये चितारलेला राजपुत्र फेलिपे प्रोस्पेरोही अशाच ताइतांनी व घंटेने सजलेला आहे. हिगा घडवणारे कारागीर धर्मबाह्य नव्हते. सांतियागो दे कॉम्पोस्तेला येथील काळ्या 'आझाबाचे' दगडाचे कारागीर यात्रेकरूंसाठी संत याकोबाच्या मूर्ती घडवत आणि तेच मुठीही घडवत. कॅथीड्रलच्या उत्तरेकडील दर्शनी बाजूला आजही या कारागिरांच्या नावाने ओळखले जाते.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की सीमारेषेचे स्वरूप स्पष्ट होते. उघडा पंजा अधिक जादूचा आणि वळलेली मूठ अधिक धार्मिक, असे कोणत्याही ईश्वरशास्त्रातून सिद्ध होत नाही. उलट मूठच अश्लील आहे. एक हात जित लोकांचा होता व दुसरा जेत्यांच्या मुलांचा, हाच त्यांतला फरक होता. ज्यांचा पंजा निषिद्ध ठरला त्या समाजाला १६०९ ते १६१४ या काळात देशाबाहेर घालवण्यात आले. ताइतावरचा वाद हा नेहमीच ताइतापुरता नसतो, याची ही विदारक साक्ष होय.

चर्चची अधिकृत भूमिका केवळ सत्तेच्या भाषेत सांगणे मात्र अन्यायाचे होईल. डिसेंबर १५६३ मधील ट्रेंट परिषदेच्या ठरावाने प्रतिमांना मान द्यावा असे म्हटले, पण प्रतिमेत स्वतःचे असे दैवी सामर्थ्य मानू नये असेही बजावले. १९९२ मधील कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात अंतःकरणाची वृत्ती बाजूला ठेवून केवळ बाह्य कृतीला फलदायी मानणे ही अंधश्रद्धा ठरवली आहे व ताईत घालणे निषिद्ध म्हटले आहे. हा निकष वृत्तीचा आहे, वस्तूचा नाही. नैतिक दृष्ट्या तो निश्चितच श्रेष्ठ आहे. अडचण अशी, की वृत्ती डोळ्यांना दिसत नाही, वस्तू दिसते. म्हणून व्यवहारात निवाडा वस्तूवरून होतो आणि त्याचा भार ज्यांच्या वृत्तीबद्दल आधीच संशय असतो त्यांच्यावरच पडतो.

गोवा : संताचा हात आणि राज्याचे रक्षण

सत्ता स्वतः संकटात सापडते तेव्हा ती कोणता हात धरते, याचे उदाहरण गोव्याच्या इतिहासात आहे. संत फ्रान्सिस झेविअर यांचा ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर मृत्यू झाला व १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्यास आला. १६१४ मध्ये येशूसंघाच्या प्रमुखांच्या आज्ञेवरून त्यांचा उजवा हात देहापासून वेगळा करण्यात आला. कोपरापुढचा भाग रोमच्या जेझू चर्चमध्ये ठेवण्यात आला. असंख्यांना बाप्तिस्मा देणारा हात म्हणून त्याचे महत्त्व सांगितले जाते. २०१८ मध्ये तो कॅनडातील अनेक शहरांत दर्शनासाठी नेण्यात आला होता. उरलेला देह जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकात असून २०२४-२५ मध्ये त्याचे दशवार्षिक दर्शन पार पडले.

१६८३ च्या अखेरीस छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजा गोव्याच्या दाराशी आल्या, तेव्हा पोर्तुगीज विजरई कोंदे द आल्व्होर याने बॉम जेझूमध्ये जाऊन शवपेटी उघडवली, आपला अधिकारदंड संताच्या स्वाधीन केला आणि राज्याचे रक्षण करण्याची याचना केली. पुढे शाहआलमच्या नेतृत्वाखालील मोगल फौज जवळ येऊ लागल्याने मराठ्यांना माघार घ्यावी लागली, हे इतिहासकारांचे स्पष्टीकरण आहे. गोव्याच्या भाविक परंपरेने मात्र श्रेय संताला दिले. मराठी वाचकाला या प्रसंगाची राजकीय बाजू परिचित असते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याची दुसरी बाजू महत्त्वाची आहे. राज्याचा सर्वोच्च अधिकारी एक वस्तू एका मृतदेहाजवळ ठेवून शत्रू परतवू पाहतो, ही कृती रचनेच्या दृष्टीने ताइताहून निराळी नाही. तिला कोणी जादू म्हटले नाही, कारण ती करणारा विजरई होता. त्याच गोव्यातील कॅथलिक घरांत मुलाची 'दिश्ट' काढली जाते. मीठ-मिरच्या ओवाळणाऱ्या आजीचा हात मात्र अंधश्रद्धेच्या खात्यात जमा होतो.

असुरक्षिततेचे स्पष्टीकरण

इटालियन विचारवंत एर्नेस्तो दे मार्तिनो यांनी दक्षिण इटलीतील लुकानिया प्रदेशाचा अभ्यास करून १९५९ मध्ये 'सुद ए माजिया' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आजार, बाळंतपण, मृत्यू यांपुढे माणसाचे जगातील अस्तित्वच डळमळू लागते आणि जादूचे विधी त्याला सावरून धरतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. नजर उतरवण्याच्या तेथील मंत्रांत त्रैक्याचे नाव व क्रुसाची खूण सहज मिसळलेली असते, हेही त्यांनी दाखवले. अवशेषवाद्यांहून ही भूमिका कितीतरी अधिक मानवी आहे. येथे भाविकाची कृती त्याच्या आजच्या गरजेतून समजून घेतली जाते.

तथापि दे मार्तिनो यांच्या विवेचनातील भर दक्षिणेच्या दारिद्र्यावर आहे आणि तेथे त्यांचे सूत्र रुंद करण्याची गरज भासते. राजपुत्र फेलिपे प्रोस्पेरोला कशाचीच वाण नव्हती. तरीही तो १ नोव्हेंबर १६६१ रोजी, वयाची चार वर्षे पुरी होण्याआधीच मरण पावला. त्या काळी मुलाच्या जगण्याची खात्री राजवाड्यातही नव्हती. हिगा बांधणारा हात श्रीमंत असो वा गरीब, त्यामागचे भय एकच होते. शिवाय नेपल्समधील सुशिक्षितांनी नजरेकडे अर्धवट थट्टेने पाहिले. निकोला व्हाल्लेत्ता यांचा 'येत्तातुरा'वरील १७८७ मधील ग्रंथ याचा साक्षीदार आहे, आणि दे मार्तिनो यांनीही त्याची दखल घेतली आहे. विश्वास नाही असे म्हणत म्हणतही खिशातले पोवळ्याचे शिंग न सोडणारा माणूस भक्ती व जादू या दोन्ही खान्यांत बसत नाही. ब्राझीलमध्ये फिगा स्वतः विकत घेऊ नये, ती कोणीतरी दिलेली असावी, असे मानतात. येथे ताइताचे बळ वस्तूपेक्षा देणाऱ्याच्या मायेत पाहिले जाते. या मुद्द्याकडे अवशेषवाद, फ्रेझर व दे मार्तिनो या तिघांचेही पुरेसे लक्ष गेलेले नाही.

निष्कर्ष

१. रक्षक हाताच्या आकृतीवरून ती भक्तीची की जादूची हे ठरवता येत नाही. 'मानो पोदेरोसा' ही एकच प्रतिमा दोन्ही संदर्भांत तितक्याच सहजतेने वावरते.

२. प्रतीकाच्या प्राचीन मुळाचा शोध उपयुक्त असला, तरी केवळ रूपसाम्यावरून वंशावळ जुळवणे हे ऐतिहासिक पद्धतीस धरून नाही. प्रत्येक हाताचा स्थानिक इतिहास आधी पाहिला पाहिजे.

३. भक्ती व जादू यांमधील सीमारेषा प्रत्यक्षात बऱ्याचदा कृती करणाऱ्याच्या सामाजिक स्थानावरून आखली गेली. मोरिस्कोंचा पंजा, राजकन्येचे ताईत व विजरईचा दंड यांची तुलना याची साक्ष देते.

४. मराठीत अशा विषयांवर लिहिताना 'श्रद्धा' व 'अंधश्रद्धा' ही तयार जोडी हाताशी असते. फसवणूक व अघोरी छळ यांविरुद्धच्या लढ्यात तिचे मोल निर्विवाद आहे आणि महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यामागील भूमिकाही तीच आहे. मात्र संस्कृतीच्या अभ्यासात ती निवाड्याचे साधन म्हणून वापरण्यापूर्वी, तो निवाडा कोणी, कोणावर व केव्हा केला हे विचारणे आवश्यक आहे.

बाळाच्या मनगटावर बांधलेली मूठ रोग रोखू शकत नाही, हे आज सर्वज्ञात आहे. ती बांधणाऱ्या व्यक्तीला निदान एवढे ठाऊक होते, की बाळ नाजूक आहे आणि जग त्याच्याशी नेहमीच दयेने वागत नाही. या जाणिवेला अज्ञान म्हणता येणार नाही. लोकधर्माच्या समीक्षेने ताइताचे खंडन करावे, परंतु ही जाणीव हातची जाऊ देऊ नये.